पडद्यावरचा पापुद्रा

"त्यात काय एवढं? मी लावते न!"

हे वाक्य नूपुर देशकरच्या तोंडून निघालं तेव्हा तिच्या हातात आंब्याची कोय होती, रस कोपरापर्यंत ओघळला होता, आणि अनुभव म्हणाल तर शून्य. पण आवाज असा, की हुडकेश्वरमधल्या निम्म्या लॅपटॉपांना तिनंच पापुद्रे, म्हणजे स्क्रीनगार्ड, चढवले असावेत. हा आवाज तिला अकरावीचं वर्ष संपता संपता फुटला होता. त्याआधी ती दुकानात वहीसुद्धा आईच्या पाठीमागून मागायची. आता ती सिलिंडरवाल्याला फाटकात उभं करून वजन करून घेते, आणि तोही बिचारा "हो ताई" म्हणतो.

तर मामला असा होता. नूपुरच्या बाबांना, म्हणजे गिरिधर देशकरांना, ऑफिसातून लॅपटॉप मिळाला होता. नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं त्यांनी फायलींवर काढली. ते माहिती तयार करायचे आणि ती मोठ्या साहेबांसमोर दुसराच कोणीतरी वाचायचा. या वेळी तो दुसरा कोणीतरी बदली होऊन गेला. त्यामुळे सोमवारी अकरा वाजता व्हीसी, म्हणजे पडद्यावरची मीटिंग, आणि त्यात माहिती वाचणार खुद्द गिरिधर देशकर. बाबांनी शुक्रवारी लॅपटॉप घरी आणला तो पोटाशी धरून. 'सुस्थितीत मिळाला' असं लिहून त्याखाली सही केली होती त्यांनी. आता तो सुस्थितीतच परत जायला हवा, नाहीतर खुलासा. सरकारी माणसाला साप, विंचू आणि सासुरवाडी परवडते. खुलासा परवडत नाही.

आता देशकरांकडे नवी वस्तू येते ती प्लास्टिकसकट येते आणि प्लास्टिकसकटच म्हातारी होते. फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक सात वर्षांत उन्हात भाजल्यासारखं पिवळं पडलं, सोलवटलं, तरी तिथंच आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला दोन रबर, आणि आवाज वाढवायचं बटण अंदाजाने. नूपुरला तर आपल्या घरच्या मिक्सरचा खरा रंग कोणता, हे शेजारणीच्या मिक्सरवरून कळलं. अशा घरात उघड्या पडद्याचा लॅपटॉप म्हणजे बिनटोपीचं बाळ! त्याला काहीतरी घालायलाच हवं होतं.

"दुकानात लावून आणू," बाबा म्हणाले.

"दुकानात तर कोणीही लावेल, बाबा. मी लावते न."

बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप पोटापासून काढून तिच्या दोन्ही हातांवर ठेवला. "तुझ्यावर सोडून राहिलो बरं का," एवढंच म्हणाले. नूपुरला एकदम हात धुऊन यावंसं वाटलं. आधीच धुवायला हवे होते म्हणा.

शनिवारी ती सदरला जाऊन पापुद्रा घेऊन आली. दुकानदार सज्जन माणूस. "लगा के दूँ क्या, बेटा?" त्यानं विचारलं.

"नहीं भैया, हम घर पे लगा लेंगे."

"अच्छा. बस धूल से बचाना. कहाँ रहते हो?"

"हुडकेश्वर."

दुकानदारानं डब्यातून ओल्या रुमालांचे दोन पुडे जास्तीचे काढले आणि मुकाट्यानं पिशवीत टाकले. हुडकेश्वरमधला रस्ता गेल्या दिवाळीत गडरच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, पाइपासाठी खोदला होता. पाइप अजून आले नव्हते. धूळ मात्र वेळेवर यायची, दिवसातून तीनदा, जेवणाआधी.

रविवारी सकाळी देशकरांच्या मधल्या खोलीत तयारी सुरू झाली. इतक्यात बाबांना आठवलं की सरकारी वस्तूला काही चिकटवायचं तर परवानगी हवी. त्यांनी ऑफिसचे स्टोअरकीपर बाबारावांना फोन लावला. बाबाराव म्हणजे ज्यांनी आजवर मागणीपत्राशिवाय कोणाला टाचणीही दिली नाही असा माणूस. नूपुरनं फोन स्पीकरवर टाकला.

"पापुद्रा लावता?" बाबाराव म्हणाले. "बरं. मंग तो दुरुस्तीत येते, का नवीन खरेदीत, का रंगरंगोटीत?"

"कशातच नाही हो. नुसता पारदर्शक असतो."

"पारदर्शक असो नाईतर कसाबी असो, मी तो कोन्त्या रकान्यात टाकू? रकाना नाई तर वस्तू नाई, देशकरबाबू."

"मग लावू नको म्हणता?"

"मी कुठं म्हनलं नका लावू? मी म्हनलं अर्ज द्या."

"आज रविवार आहे."

"मंग आज तुम्ही मले इचारलंच नाई असं समजा," असं म्हणून बाबारावांनी फोन ठेवला.

बाबा तरीही अर्ज लिहायला बसले. 'विषय : कार्यालयीन लॅपटॉपच्या पडद्यास संरक्षक पापुद्रा लावण्यास परवानगी मिळणेबाबत.' अक्षर मोत्यासारखं. पहिला परिच्छेद होईस्तोवर बाजूचे वामनराव आणि मनकर्णाकाकू हजर झाले. वामनराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे वायर असलेल्या प्रत्येक वस्तूवर आपला हक्क आहे, असं त्यांचं मत. आणि मनकर्णाकाकूंचं मत असं, की वामनरावांचं मत चूक असतं.

"काय करून राहिली वं नूपुर?" वामनराव खुर्ची ओढत म्हणाले. "पयले तो कूलर बंद कर. हवेनं धूळ उडते."

"पंखाही बंद करा," बाबा म्हणाले.

"धुळीचा इलाज मले इचारा," काकू म्हणाल्या. "माह्या पुण्याच्या भाच्यानं न्हानीत बसून लावला. गरम पान्याचा नळ सोडायचा, वाफ झाली की सारी धूळ खाली बसते."

एक मिनिट सगळ्यांना ते पटलं. नूपुरनं तर बसायला बादली उपडीही केली. पण बाबांच्या डोळ्यांसमोर खुलाशाचा मसुदा उभा राहिला : 'सदर लॅपटॉप न्हाणीघरात कोणत्या कारणास्तव नेण्यात आला?' त्यांचा चेहरा असा उतरला, की न्हाणीचा बेत तिथंच रद्द झाला.

मग आई, म्हणजे चारुशीला, हळदकुंकू-अक्षतांची वाटी घेऊन आली. "घरात आलेल्या वस्तूला दोन बोटं कुंकू न लावता तुम्ही डायरेक्ट प्लास्टिक लावून राहिले?"

"आई, फक्त झाकणावर लाव हं! फक्त झाकणावर!"

आईनं झाकणावरच लावलं. पण कुंकू काही आईचं ऐकत नाही. झाकण उघडलं तर पडद्यावर गुलाबी धुरळा, जशी काही लॅपटॉपची रंगपंचमी झालेली. पाकिटातला ओला रुमाल त्यात संपला, दुकानदारानं दया म्हणून दिलेले दोन्ही पुडे त्यात संपले, आणि एक अक्षत कीबोर्डमध्ये गेली ती वामनरावांनी आपल्या दातकोरण्यानं काढली. दातकोरणं नवीन होतं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

आता ऐका. मे महिना, नागपूर, दुपारचे बारा. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. खोलीत पाच माणसं आणि एक लॅपटॉप. बाबा टॉर्च धरून, आई बाजूला ओला पंचा धरून, म्हणजे धूळ आली तर त्यात अडकेल. मनकर्णाकाकू पदरानं वारा घ्यायला लागल्या की वामनराव ओरडत, "हवा नको करू!" आणि स्वतः मात्र पापुद्र्याबरोबर आलेल्या सूचनांच्या कागदानं वारा घेत. त्या कागदावर सहा चित्रं होती. नूपुरला त्यातली चारच नीट पाहायला मिळाली, कारण पाचवं आणि सहावं वामनरावांच्या घामात भिजून गेलं.

पापुद्र्याला दोन शेपट्या होत्या. एकीवर एक लिहिलेलं, दुसरीवर दोन. नूपुरनं श्वास रोखला. एक नंबरची शेपटी ओढली, खालचं प्लास्टिक सुटलं, आणि पापुद्रा वरच्या कडेला टेकवला. नाकाच्या टोकावर घामाचा थेंब. तो पडला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आईनं ओल्या पंच्यानं तिचं नाक पुसलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं पुसतात न, तस्सं. शाळेच्या ओळखपत्रानं नूपुर हळूहळू दाबत खाली आली. बोटभर, आणखी बोटभर. आणि पापुद्रा बसला. सरळ! एक बुडबुडा नाही! अहो, एकही नाही!

"वा वं पोरी!" वामनराव म्हणाले, आणि लगेच "मीच कूलर बंद करायले लावला" हेही म्हणाले.

मग नूपुरचं लक्ष दोन नंबरच्या शेपटीकडे गेलं. "ही कशाची असेल?"

"ते वरचं प्लास्टिक असंल," वामनराव म्हणाले. "पापुद्र्याले ओरखडे पडू नये म्हनून."

"मग ते राहू दे," आई म्हणाली.

"राहूच दे," बाबा म्हणाले. "नवीन वस्तूचं प्लास्टिक कोणी काढतं का?"

आणि काय सांगावं, नूपुरलाही ते पटलं. ती त्याच घरात वाढलेली होती. लॅपटॉपला पापुद्रा, पापुद्र्याला प्लास्टिक. यात तिला काहीच वावगं दिसलं नाही. उलट आणखी एक पापुद्रा मिळाला असता तर तोही तिनं लावला असता.

कूलर सुरू झाला, आंब्याचा रस झाला, सगळे झोपले. चार वाजता बाबांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर बुडबुडे आले होते. लहान, मोठे, मध्यम, साबुदाण्याच्या पापडासारखे. आणि सगळं चित्र असं अंधुक, की जणू भिजलेल्या चष्म्यातून पाहतोय.

नूपुरनं ओळखपत्रानं बुडबुडे दाबले. इकडून दाबला की तो तिकडे निघायचा. मनकर्णाकाकू धावत आल्या आणि म्हणाल्या, कोमट इस्त्री फिरवा. वामनराव म्हणाले, सुई टोचा. आईनं रुमाल पसरून त्यावरून लाटणं फिरवलं, चांगलं पोळी लाटल्यासारखं. बुडबुडे गोल होते ते लांबट झाले. बस.

"दुकानातच लावून आनलं असतं तर," वामनराव म्हणाले. "मी सकाळीच म्हननार होतो."

"पूर्ण काढून टाकते, बाबा," नूपुर म्हणाली. तिचा नवा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, जुनाच निघाला.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढला, झाकण मिटलं आणि म्हणाले, "नको बेटा. आता हात नको लावू. डोळे बारीक केले की दिसतं."

हात नको लावू! नूपुरनं रात्रीच्या जेवणात एकच पोळी खाल्ली. तीही त्याच लाटण्याची होती, म्हणून नीट उतरली नाही.

सोमवारी ती हट्टानं बाबांबरोबर ऑफिसात गेली. "काही अडलं तर," म्हणाली. खरं तर घरी बसून अकरा वाजण्याची वाट पाहणं तिला झेपणार नव्हतं. ऑफिसात बाबांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला गेला. बाबाराव रजिस्टर घेऊन मागे उभे राहिले, कारण स्टोअरची वस्तू वापरात असताना स्टोअरकीपरनं हजर असावं, असं त्यांचं तत्त्व. नूपुर एका कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, स्टुलावर बसली.

बरोबर अकराला मोठे साहेब पडद्यावर आले. बुडबुड्यांमुळे त्यांना गोवर आल्यासारखा दिसत होता.

"हां, देशकर. वाचा."

साहेबांच्या बाजूलाच माहितीचा तक्ता उघडला होता. बाबांनी घसा साफ केला. डोळे इतके बारीक केले, की समोरच्याला वाटावं हा माणूस झोपला. "सर, महिनाअखेर प्रलंबित प्रकरणं... आठशे अठ्ठ्याऐंशी."

"किती?"

"आठशे अठ्ठ्याऐंशी, सर."

"देशकर, मागच्या महिन्यात साडेतीनशे होती! वाढली कशी एवढी? काय करून राहिले तुम्ही लोक?"

नूपुरला खरा आकडा पाठ होता. कालपासून बाबा घरात तोच घोकत होते. तीनशे तेहतीस! पण इंग्रजी तीनाच्या उघड्या तोंडावर बुडबुडा बसला की त्याचा आठ होतो, आणि तिथं तीन तीनांवर तीन बुडबुडे बसले होते. बाबा घाबरले की पाठ केलेलं विसरतात आणि समोर लिहिलेलं तेवढंच खरं मानतात. सव्वीस वर्षांची सवय. ते पुन्हा पडद्यात नाक खुपसून वाचायला लागले, "आठशे..."

आणि कडेला बसल्यामुळे नूपुरला ते दिसलं. पडद्याचा खालचा कोपरा उचलला गेला होता. तिथं दोन नंबरची शेपटी वर आली होती. तिच्याखाली बोटभर जागा अशी स्वच्छ, अशी लखलखीत होती, की त्यात बाबांच्या शर्टाचं बटणही उमटलं होतं. तिथं एकही बुडबुडा नव्हता. म्हणजे बुडबुडे पापुद्र्यात नव्हतेच! तिनं लावलेला पापुद्रा काल दुपारपासून तसाच होता, सरळ, नितळ. हा सगळा घोळ वरच्या प्लास्टिकचा होता, जे कोणीच काढलं नव्हतं. तिनंसुद्धा!

तिचा हात पुढे गेला आणि थांबला. हात नको लावू, म्हणाले होते बाबा. मोठे साहेब समोर, बाबाराव मागे, आजूबाजूला अख्खं ऑफिस.

"बाबा," ती कुजबुजली. "वरचं प्लास्टिक काढायचं असतं. काढू?"

आता गिरिधर देशकरांनी आयुष्यात वरून आदेश आल्याशिवाय काही केलं नव्हतं. खिडकीची काच फुटली होती तर दोन उन्हाळे पुठ्ठा लावून काढले, पण मंजुरीची वाट पाहिली. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, बाबारावांकडे पाहिलं नाही. लेकीकडे पाहिलं.

"काढ," म्हणाले.

नूपुरनं शेपटी धरली आणि ओढली. चर्रर्र! काय आवाज झाला म्हणता! पलीकडच्या टेबलावरच्या बाई दचकून उभ्या राहिल्या, चहावाला दारातच थबकला. बाबारावांनी तर "अगाऽऽ" म्हणून रजिस्टर छातीशी धरलं. प्लास्टिक सोलून निघालं आणि खाली पडदा! असा पडदा की मोठ्या साहेबांचा गोवर एका क्षणात बरा झाला आणि त्यांच्या मिशीतले तीन पांढरे केस दिसायला लागले.

"देशकर, हा आवाज कसला?"

"सर, लॅपटॉपवरचं प्लास्टिक काढलं. माझ्या मुलीनं."

"ऑफिसच्या लॅपटॉपचं? परवानगी होती?"

"मी दिली, सर," बाबा म्हणाले. मग सव्वीस वर्षांच्या सवयीनं पुन्हा डोकं वर काढलं. "म्हणजे, कार्योत्तर मंजुरीला टाकतो, सर. आणि प्रलंबित प्रकरणं तीनशे तेहतीस आहेत. आठशे अठ्ठ्याऐंशी हा प्लास्टिकचा आकडा होता."

मोठ्या साहेबांच्या मिशीतले ते तीन केस हलले. "बरं. पुढचा रकाना वाचा," म्हणाले. "आणि जरा हळू. छान ऐकू येऊन राहिलं."

बाबांनी पुढचे सातही रकाने वाचले. आकडे असे खणखणीत, की शेवटी शेवटी तर ते पडद्याकडे पाहतच नव्हते.

मीटिंग संपली तसे बाबाराव टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, बोट पाहिलं, वाकून कडा पाहिल्या. "हे तर भल्लं साफ बसलं गा," म्हणाले. "देशकरबाबू, स्टोअरमंधी आनखी सहा लॅपटॉप पडले हायेत. तुमच्या पोरीले सांगा न, तेवढे लावून देईल म्हना."

बाबा सुटलेल्या प्लास्टिकची घडी घालत होते. ती घालता घालता थांबले.

"मी काहून सांगू?" म्हणाले. "ते काम तिच्या टेबलचं आहे. तिथं बसली आहे ती. तिला विचारा."

बाबारावांनी नूपुरकडे पाहिलं. ती अजून स्टुलावरच होती, ओठ दाबून, हसू आवरत. बाबारावांना हे प्रकरण कोणत्या रकान्यात टाकावं ते दोन क्षण सुचलं नाही. मग त्यांनी रजिस्टर बगलेत मारलं, आपली स्वतःची, हात असलेली खुर्ची सरकवत आणली, रुमालानं तिची बैठक झटकली आणि म्हणाले,

"इथं बसा, मॅडम. सूल्टावर काहून बसल्या?"

घाईत त्यांची जीभ वळली नव्हती. नूपुर ऐटीत खुर्चीवर बसली. सव्वीस वर्षांत बाबांनाही त्या खुर्चीवर कोणी बसवलं नव्हतं. ते बाजूला उभे होते, हातात प्लास्टिकची घडी, आणि चेहरा असा, की जणू खुर्चीवर तेच बसले आहेत.